लहान मुलांचे कपडे: मोजक्या कपड्यांत भरपूर जोड्या कशा जमवायच्या?

बालवाडीची रिक्षा दाराशी आलेली असते. कपाट उघडलं की कपड्यांचा ढीग अंगावर येतो. त्यात वाढदिवसाला आलेले तीन झगमगीत ड्रेस असतात, पुढच्या वर्षी होतील म्हणून ठेवलेले दोन असतात आणि कधीच लहान झालेले चार असतात. ज्या टी-शर्टवर फक्त एकच पँट जाते, ती पँट अजून दांडीवर ओली असते. शेवटी कालचाच जोड पुन्हा अंगावर चढतो.

लहान मुलांच्या बऱ्याच घरांत हे चित्र दिसतं. कपडे भरपूर असतात, पण रोज घालता येतील असे जोड कमी पडतात. म्हणून आणखी खरेदी होते, आणि मूल वाढत असल्याने त्यातले बरेचसे चार-दोनदा घालूनच बाजूला पडतात. यावरचा एक जुना आणि सोपा उपाय म्हणजे कपडे जोडाने न घेता असे निवडायचे, की कुठलाही वरचा कपडा कुठल्याही खालच्या कपड्यावर जाईल.

ही कल्पना आली कुठून?

मोठ्यांच्या कपड्यांत याला 'कॅप्सूल वॉर्डरोब' म्हणतात. लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी १९७० च्या दशकात हा शब्द रूढ केला. मोजके, चांगल्या प्रतीचे आणि एकमेकांवर जाणारे कपडे ठेवावेत, असा त्यांचा मुद्दा होता. १९८५ मध्ये अमेरिकी डिझायनर डोना कॅरन यांनी सात कपड्यांचा असाच एक संच बाजारात आणला आणि ही कल्पना जगभर पोहोचली.

मुलांच्या कपड्यांत मात्र हा प्रयोग त्याआधीच झाला होता. अमेरिकेत १९७२ मध्ये 'गॅरॅनिमल्स' नावाचे कपडे आले. प्रत्येक कपड्याला एका प्राण्याचं चित्र असलेलं लेबल लावलेलं असे. सिंहाचं लेबल असलेला शर्ट सिंहाचं लेबल असलेल्या कुठल्याही पँटवर जायचा. वाचता न येणारं मूलही प्राणी जुळवून स्वतःचे कपडे निवडू शकायचं. आई-वडिलांचा वेळ वाचायचा आणि मुलाला आपण ठरवल्याचा आनंद मिळायचा. हा ब्रँड अजूनही सुरू आहे.

आपल्याकडे या पद्धतीला नाव नव्हतं, पण सवय होती. तान्ह्या बाळाला आजीच्या जुन्या मऊ सुती साडीतून शिवलेली झबली आणि दुपटी, थोरल्याचे कपडे धाकट्याला आणि नवीन शिवायचं तर 'वाढत्या अंगाचं', हा बहुतेक घरांचा रिवाज होता. तयार कपडे स्वस्त झाले आणि एका क्लिकवर मिळू लागले, तशी ही शिस्त मागे पडली.

मुलांचे कपडे इतक्या लवकर लहान का होतात?

जन्मताना बाळाची लांबी साधारण ५० सेंटिमीटर असते. पहिल्या वाढदिवसाला ती ७५ सेंटिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे एका वर्षात दीडपट होते. दुसऱ्या वर्षी आणखी १२ सेंटिमीटरची भर पडते. त्यानंतर वेग मंदावतो. दोन ते पाच वर्षांच्या काळात मूल वर्षाला साधारण ७ ते ९ सेंटिमीटर वाढतं आणि पाचव्या वर्षी ११० सेंटिमीटरच्या जवळ पोहोचतं.

याचा खरेदीशी थेट संबंध आहे. पहिल्या वर्षी एक माप जेमतेम तीन-चार महिने पुरतं. त्यामुळे या काळात महागडे कपडे घेणं किंवा साठा करणं परवडत नाही. दोन वर्षांनंतर मात्र तोच कपडा वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतो. थोडा जास्त खर्च करून चांगलं कापड घेण्याची वेळ ही आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन वर्षांनंतर मुलं उंच होतात तितकी रुंद होत नाहीत. कपडा आधी लांबीला कमी पडतो, घेराला नंतर. म्हणूनच कमरेला इलास्टिक असलेली फुल पँट पुढच्या वर्षी तीन-चतुर्थांश पँट म्हणून चालते आणि गुडघ्याखाली येणारा फ्रॉक लेगिंगवर टॉप म्हणून घालता येतो. खांद्यात आणि काखेत घट्ट बसणारे कपडे असं दुसरं आयुष्य जगत नाहीत.

नेमके किती कपडे लागतात?

याचं एकच उत्तर नाही. ते मुलाच्या वयावर, घरातल्या धुण्याच्या सवयीवर आणि हवामानावर अवलंबून आहे. पण एक साधा हिशोब मांडता येतो. रोज किती जोड लागतात ते मोजायचं. त्याला 'एक अधिक कपडे वाळायला लागणारे दिवस' या संख्येने गुणायचं आणि वर दोन जोड राखीव ठेवायचे.

समजा तीन वर्षांच्या मुलाला दिवसा दोन जोड लागतात, एक बालवाडीसाठी आणि एक संध्याकाळी खेळायला. घरात रोज धुणं होतं. उन्हाळ्यात कपडे एका दिवसात वाळतात. मग २ गुणिले २, म्हणजे ४, आणि राखीव २ धरून ६ जोड पुरतात.

जुलैमध्ये मुंबईत किंवा कोकणात तेच कपडे वाळायला दोन दिवस घेतात. मग २ गुणिले ३, म्हणजे ६, आणि राखीव २ मिळून ८ जोड लागतात. पावसाळ्यात कपडे कमी पडल्यासारखे वाटतात ते यामुळे. त्यासाठी वर्षभराचा साठा दुप्पट करायची गरज नसते, दोन जोडांची भर पुरते.

डायपर सोडवण्याच्या काळात हिशोब बदलतो, पण फक्त खालच्या कपड्यांचा. दिवसाला चार चड्ड्या ओल्या होत असतील, तर उन्हाळ्यात १० आणि पावसाळ्यात १४ चड्ड्या लागू शकतात. त्या साध्या, स्वस्त आणि पटकन वाळणाऱ्या असल्या म्हणजे झालं. या काळात नवे टी-शर्ट घेऊन अडचण सुटत नाही.

कमी कपड्यांत जास्त जोड्या कशा होतात?

पाच वरचे कपडे आणि तीन खालचे कपडे सगळे एकमेकांवर जात असतील, तर ५ गुणिले ३, म्हणजे १५ वेगवेगळे जोड होतात. आठ कपड्यांत पंधरा जोड. हेच कपडे जोडाने विकत घेतले असते, तर पंधरा जोडांसाठी तीस नग लागले असते.

आता यात एक नवा टी-शर्ट घेतला तर जोड १८ होतात. त्याऐवजी एक पँट घेतली तर २० होतात. ज्या बाजूला कपडे कमी, तिथली भर जास्त फायद्याची असते. बहुतेक घरांत टी-शर्ट जास्त आणि पँट कमी असतात, कारण भेट देताना आणि दुकानात बघताना नजर चित्राच्या टी-शर्टवर जाते.

हे गणित जमण्यासाठी एक अट आहे. नक्षी एकाच बाजूला हवी. वर चित्रं, पट्टे, फुलं असतील, तर खालचे कपडे साधे आणि एकरंगी ठेवावेत. दोन्हीकडे नक्षी असली की प्रत्येक पँट ठरावीक टी-शर्टशी बांधली जाते आणि गुणाकार मोडतो. मुलांना आवडणारी कार्टूनची चित्रं वर आली की त्यांचीही हौस भागते.

फ्रॉक किंवा अंगभर एकसंध कपडे या गुणाकारात बसत नाहीत. एक फ्रॉक म्हणजे एकच जोड. तो घेऊ नये असं नाही, पण फ्रॉकचा रंग लेगिंगवर आणि स्वेटरवर जाणारा असला, तर थंडीतही त्याचा उपयोग होतो.

खरेदी करताना एक कसोटी लावता येते: हा कपडा घरातल्या किमान तीन कपड्यांवर जातो का? उत्तर 'नाही' असेल, तर त्याच्यासोबत आणखी एक कपडा घ्यावा लागणार हे नक्की.

रंग कुठले निवडावेत?

खालच्या कपड्यांसाठी दोन-तीन गडद किंवा मातकट रंग पुरतात. गडद निळा, राखाडी आणि खाकी यांवर जवळपास सगळं जातं. त्यांवर चिखल आणि गवताचे डागही कमी दिसतात. वरच्या कपड्यांसाठी तीन-चार रंगांचं एक कुटुंब ठरवावं, उदाहरणार्थ पिवळा, हिरवा, आकाशी आणि लाल.

मराठी घरात रंग निवडताना हळदीचा विचार करावाच लागतो. वरण-भाताचा घास टी-शर्टवर सांडला की डाग पडतो आणि साबण लावला की तो लालसर होतो, कारण हळदीचा रंग साबणातल्या अल्कलीमुळे बदलतो. असा कपडा धुऊन उन्हात वाळवला की डाग फिका होत जातो, कारण हळदीचं रंगद्रव्य उजेडात टिकत नाही. पावसाळ्यात ऊन नसल्याने हेच डाग राहून जातात. त्यामुळे रोजच्या वापरात पांढरे कपडे कमी असलेले बरे.

घरात दुसरं मूल येण्याची शक्यता असेल, तर मुलगा-मुलगी असा भेद नसलेले रंग जास्त उपयोगाचे ठरतात. गुलाबी फुलांची पँट धाकट्या भावाला घालायला अनेक घरं कचरतात. हिरवी किंवा राखाडी पँट कोणालाही चालते आणि तिचे पैसे दोनदा वसूल होतात.

तीन वर्षांच्या मुलासाठी नमुना यादी

मुंबई-पुण्याच्या हवेत, रोज धुणं होणाऱ्या घरासाठी ही यादी धरता येईल.

- वरचे कपडे ८: अर्ध्या बाह्यांचे टी-शर्ट किंवा टॉप ५, पूर्ण बाह्यांचे २, सुती कुर्ता १
- खालचे कपडे ६: हाफ पँट ३, फुल पँट किंवा लेगिंग ३, सगळे एकरंगी
- रात्रीचे सैल जोड ३. राखीव म्हणून विटलेले टी-शर्ट चालतात.
- चड्ड्या ८ ते १०, बनियन ४
- पुढून उघडणारं स्वेटर किंवा जॅकेट १
- सणाचा जोड १
- रेनकोट १, उन्हाची टोपी १, कानटोपी १

वरचे ८ आणि खालचे ६ कपडे एकमेकांवर गेले, तर १४ नगांत ४८ जोड होतात. नाशिक, महाबळेश्वर किंवा विदर्भातल्या थंडीत आणखी एक जाड स्वेटर आणि दोन पूर्ण बाह्यांचे कपडे लागतील. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बिनबाह्यांचे पातळ सुती कपडे वाढवावे लागतील. जिथे धुणं एक दिवसाआड होतं, तिथे दोन-तीन जोड जास्त धरावेत.

माप मोठं घ्यावं, पण किती?

लेबलवरच्या वयावर भरवसा ठेवता येत नाही. एका ब्रँडचं '२-३ वर्षं' दुसऱ्या ब्रँडच्या '३-४ वर्षं' इतकं असू शकतं. भारतीय शरीरांची मापं घेण्यासाठी 'निफ्ट' या संस्थेने हाती घेतलेला 'इंडियासाइज' प्रकल्पही १५ ते ६५ या वयोगटाचा आहे, लहान मुलांचा नाही. त्यामुळे घरीच टेपने मुलाची उंची, छाती आणि कमर मोजून फोनमध्ये लिहून ठेवणं हा खात्रीचा मार्ग. दर तीन-चार महिन्यांनी हे आकडे तपासावेत.

एक माप मोठं घेणं ठीक आहे, दोन मापं मोठं घेणं नाही. पँटचे पाय दुमडता येतात, बाही वर करता येते. पण खांदे उतरले किंवा गळा फार मोठा झाला, तर मूल अवघडतं. पायात येणारी लांब पँट जिन्यावर धोक्याची ठरते. बुटांच्या बाबतीत तर 'पुढच्या वर्षी होईल' हा विचार नकोच.

कपडे शिवून घेणाऱ्यांकडे जुना उपाय आहे. शिंप्याला आत 'माया' ठेवायला सांगायचं, म्हणजे शिवणीत आणि खालच्या दुमडीत जास्तीचं कापड सोडायचं. मूल वाढलं की टीप उसवून परकर किंवा पँट खाली उतरवता येते. लंडनमध्ये रायन मारिओ यासिन या तरुण डिझायनरने 'पेटी प्ली' नावाने मुलांचे असे कपडे बनवले, ज्यांच्या बारीक चुण्या मूल वाढेल तशा उलगडत जातात. त्याला २०१७ मध्ये ब्रिटनचा जेम्स डायसन पुरस्कार मिळाला. तंत्र नवं आहे, पण विचार परकराच्या मायेचाच आहे.

कापड आणि सुरक्षितता

सुती कापड आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरतं, तर पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घामाच्या हवेत मुलाला सुती किंवा होजिअरीचे कपडे बरे वाटतात ते यासाठी. उलट पॉलिस्टर लवकर वाळतं, म्हणून पावसाळ्यात बाहेर घालायच्या एक-दोन पँटमध्ये थोडं पॉलिस्टर असलं तरी चालतं. आतले आणि रात्रीचे कपडे मात्र सुतीच हवेत.

काही गोष्टी दुकानातच बघून घ्याव्यात.

- गळ्याला किंवा टोपीला नाडी नको. घसरगुंडीवर, पाळण्यात किंवा दारात ती अडकून गळ्याला फास बसू शकतो. युरोपातल्या मानकांनुसार सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत गळ्याजवळ आणि टोपीला ओढायच्या नाड्या चालत नाहीत. अमेरिकेतही १९९६ पासून याबाबत सूचना आहेत.
- बटणं, मणी, टिकल्या ओढून बघाव्यात. सुटल्या तर थेट तोंडात जातात.
- शिवण आणि लेबल आतून बोचत नाही ना, हे हात फिरवून तपासावं. 'हा ड्रेस नको' म्हणून रडण्यामागे अनेकदा हेच कारण असतं.
- दिवाळीत पणत्या आणि फटाक्यांजवळ नेट किंवा नायलॉनचा घोळदार ड्रेस नको. असं कापड वितळून कातडीला चिकटतं. सुती कापडही पेटतं, पण अंगाबरोबर बसणारा सुती कपडा त्या मानाने सुरक्षित.

मुलाला स्वतः घालता येतील का?

अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या यादीनुसार बहुतेक मुलं तीन वर्षांची होईपर्यंत सैल पँट किंवा जॅकेटसारखे काही कपडे स्वतः घालू लागतात. बटणं काढणं चौथ्या वर्षापर्यंत आणि लावणं पाचव्या वर्षापर्यंत जमू लागतं. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या रोजच्या पँटला बटण, चेन आणि हूक असेल, तर ते मूल बालवाडीत शौचालयात दुसऱ्यावर अवलंबून राहणार. इलास्टिकची पँट असेल तर स्वतः खाली करता येते. डायपर सुटण्यातला अर्धा अडथळा इथेच दूर होतो.

वरच्या कपड्यांत मोठा गळा, खांद्यावर टिच बटणं आणि पुढे चित्र असेल तर मदत होते. चित्र पुढे आलं की कपडा सुलटा, हे मुलाला पटकन कळतं.

निवडीचा हक्कही द्यावा, पण दोनच पर्याय समोर ठेवून. 'आज काय घालायचं?' या प्रश्नाने सकाळी भांडण होतं. 'हत्तीचा की बसचा?' या प्रश्नाने ते टळतं. सगळे कपडे एकमेकांवर जाणारे असले, की मुलाने काहीही निवडलं तरी बिघडत नाही. खालचा एक कप्पा त्याच्या हाताला येईल असा ठेवला, तर उत्तमच.

आहेराचे आणि सणाचे कपडे

हा भाग हिशोबापेक्षा नात्यांचा आहे. बारसं, जावळ, वाढदिवस, दिवाळी अशा प्रत्येक वेळी आजी-आजोबा, मावशी, आत्या, काका कपडे आणतात. ते प्रेमाने आणलेले असतात आणि 'नको' म्हणणं अवघड जातं. पण विचारलं गेलं, तर स्पष्ट सांगायला हरकत नसते: 'फुल पँट लागतात, एक माप मोठी आणा.' बऱ्याच नातेवाइकांना असं नेमकं सांगितलेलं आवडतं. आलेला कपडा बसत नसेल, तर लेबल न काढता आठवडाभरात बदलून घ्यावा.

सणाचा जोडही मोडून वापरता येतो. सुती कुर्ता नंतर जीन्सवर जातो, पोलकं साध्या स्कर्टवर जातं. बोरनहाणासाठी लागणारा काळा कपडा तर मूल पाच वर्षांचं होईपर्यंत वर्षातून एकदाच अंगावर येतो. साधा काळा टी-शर्ट किंवा फ्रॉक घेतला, तर हलव्याचे दागिने त्याच्यावरही तितकेच खुलतात आणि तो पुढे रोज घालता येतो. नाहीतर चुलत-मावस भावंडांमध्ये एकच ड्रेस फिरवता येतो.

लहान झालेल्या कपड्यांचं काय?

धाकट्यासाठी ठेवायचे कपडे वयाऐवजी उंचीप्रमाणे पिशव्यांत भरून वर चिठ्ठी लावावी. '८५ ते ९५ सेंटिमीटर' असं लिहिलं असलं, की दोन वर्षांनी शोधाशोध होत नाही. ठेवण्याआधी कपडे पूर्ण वाळलेले हवेत, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.

चांगले कपडे ओळखीत द्यावेत किंवा संस्थेला. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेली 'गूंज' ही संस्था वापरण्याजोगे कपडे घेऊन गावांपर्यंत पोहोचवते. शहरांत कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी आजही दिसतात. अगदी विरलेले सुती कपडे फडक्यांना किंवा गोधडीला कामी येतात.

सुरुवात कुठून करायची?

नवीन काही घेण्याआधी एक तास काढून मुलाचे सगळे कपडे पलंगावर ओतावेत आणि चार ढीग करावेत: आज बसणारे, लहान झालेले, अजून मोठे असलेले आणि बसत असूनही कधीच न घातलेले. चौथा ढीग नीट बघावा. त्यातले कपडे का घातले गेले नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. ते बोचतात, किंवा कशावर जात नाहीत, किंवा घालायला फार वेळ लागतो. पुढच्या खरेदीत काय टाळायचं, ते हा ढीगच सांगतो.

मग पहिल्या ढिगातले वरचे आणि खालचे कपडे समोरासमोर मांडावेत. बहुतेक घरांत तिथेच लक्षात येतं, की टी-शर्ट भरपूर आहेत आणि दोन साध्या पँट घेतल्या की काम भागतं. दुकानात जाताना यादीत तेवढंच लिहावं.